वाढीव वास्तव आणि घटते जंगल

शहरी मध्यमवर्गाच्या निसर्गप्रेमाला अलीकडे एक नवे खेळणे मिळाले आहे. त्याचे नाव 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी'. मराठीत 'संवर्धित वास्तव' असा भारदस्त प्रतिशब्द त्यासाठी रूढ होऊ पाहत आहे. पण साधेपणाने 'वाढीव वास्तव' म्हटले तर अर्थ लवकर कळतो. मोबाइलचा कॅमेरा समोरच्या जागेवर धरायचा. यंत्र त्या जागेचे माप घेते आणि पडद्यावर दिसणाऱ्या खऱ्या दृश्यातच एखादे नसलेले झाड, पक्षी किंवा फुलपाखरू आणून बसवते. आईवडिलांनी सुटीच्या दिवशी मुलांना उद्यानात न्यावे, ठरलेल्या खुणेवर फोन धरावा, पडद्यावर बिबट्या चालताना पाहावा, पाखराला बोट लावून त्याचे नाव वाचावे आणि अशा रीतीने सगळ्या कुटुंबाने आपल्या परिसरातील जैवविविधतेचे शिक्षण घ्यावे, अशी ही कल्पना आहे. उद्याने, संग्रहालये आणि शाळा यांना असे कार्यक्रम विकणारा व्यवसाय जगभर उभा राहिला आहे आणि आपल्या शिक्षणक्षेत्रातही त्याने पाऊल टाकले आहे.

या कल्पनेचे आपल्या चळवळीतल्याही अनेकांना आकर्षण वाटते. 'मुले तशीही फोनला चिकटलेली असतात. मग त्या फोनमधून निसर्ग शिकली तर बिघडले काय?' असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. यंत्राविरुद्ध आरडाओरड करून ते देता येणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, परिसराचे ज्ञान आणि परिसरावरचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या समाजात झाड तोडण्याचा निर्णय एका हाताने होतो आणि त्याच झाडाचे चित्र मुलांना दाखवण्याचे कंत्राट दुसऱ्या हाताने दिले जाते, त्या समाजात असे शिक्षण हे फसवणुकीचे साधन बनते. यंत्र किती हुशार आहे, हा प्रश्न नंतरचा. ते कोणाच्या मालकीचे, कोणाच्या ज्ञानावर चालणारे आणि कोणाच्या डोळ्यांवर पडदा ओढणारे, हे प्रश्न आधीचे आहेत.

बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे

प्रथम विरुद्ध बाजूला जे देणे आहे ते देऊन टाकू. डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ काही निसर्गात असते. वारुळाच्या पोटातील दालने, झाडांच्या मुळांना गुंफणारी बुरशी, रात्री बाहेर पडणारे प्राणी, समुद्राच्या तळाशी असलेले जीवन, हे सर्व मुलांसमोर उभे करायला अशा तंत्राचा उपयोग होऊ शकतो. ज्या मुलाला चालता येत नाही त्याला डोंगरमाथ्यावरील कारवीचा फुलोरा घरबसल्या पाहायला मिळाला तर त्याला कोण नाही म्हणेल? पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयाने २०२१ मध्ये पृथ्वीवरून कायमचे नाहीसे झालेले प्राणी या तंत्राच्या चष्म्यातून प्रेक्षकांना दाखवले. त्यात निदान एक प्रामाणिकपणा आहे. हे प्राणी आता नाहीत आणि ते माणसाने संपवले, एवढे तो खेळ पाहणाऱ्याला कळते.

परंतु संग्रहालयात मेलेल्या प्राण्याची आठवण करून देणे वेगळे आणि दारातल्या जिवंत झाडाकडे पाहण्यासाठी मुलाच्या हातात पडदा देणे वेगळे. आपल्याकडे पर्यावरण शिक्षणाचा अनुभव काय सांगतो? २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवला जावा असा निर्देश दिला. त्यामागचा हेतू निःसंशय चांगला होता. प्रत्यक्षात त्यातून निघाल्या त्या प्रकल्पवह्या. वही मुलाच्या नावाची, अक्षर आईचे आणि चित्रे कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणलेली. विषय शिकवला गेला, गुण मिळाले आणि शाळेच्या कुंपणाबाहेरचा नाला बुजवला गेला तेव्हा त्याविषयी कोणत्याही वहीत एक ओळ आली नाही. वाढीव वास्तव ही त्याच प्रकल्पवहीची महागडी आवृत्ती ठरण्याचा धोका आहे.

मालक कोण?

आता मालकीकडे वळू. जुलै २०२० मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने फेसबुक कंपनीशी भागीदारी जाहीर केली. तीत वाढीव वास्तवाचा अभ्यासक्रम होता. पहिल्या टप्प्यात १० हजार शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण द्यायचे होते आणि 'स्पार्क एआर' हे त्या कंपनीचेच साधन त्यासाठी वापरायचे होते. एका सार्वजनिक शिक्षण मंडळाने आपल्या शिक्षकांना एका खासगी कंपनीच्या अवजारावर हात बसवायला लावला. पुढे काय झाले? कंपनीचे नाव 'मेटा' झाले, तिचे नफ्याचे गणित बदलले आणि १४ जानेवारी २०२५ रोजी तिने हे साधन बाहेरच्या सर्वांसाठी बंद करून टाकले. शिक्षक, विद्यार्थी, शाळा यांना कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. खडू आणि फळा शाळेच्या मालकीचे असतात. हे साधन कधीच शाळेचे नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा खेळ आला आणि जगभर माणसे फोन समोर धरून बागांतून आणि रस्त्यांतून काल्पनिक प्राणी पकडत हिंडू लागली. मुले घराबाहेर पडली, चालू लागली, म्हणून त्याचे कौतुक झाले. तो खेळ चालवणाऱ्या 'नायँटिक' कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की, खेळाडूंनी ठिकठिकाणच्या स्थळांचे जे चित्रण करून दिले त्याच्या आधारे ती जगाचा एक प्रचंड यांत्रिक नकाशा घडवत आहे. पाठोपाठ मार्च २०२५ मध्ये तिने आपला खेळांचा व्यवसाय सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना विकण्याचा करार केला. विकत घेणाऱ्या कंपनीचे मालक सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीपर्यंत पोहोचतात. नकाशाचा धंदा मात्र वेगळा काढून ठेवला. म्हणजे खेळ म्हणून जे चालले होते ती एका अर्थाने बिनपगारी मोजणी होती. मोजणीदाराला रोजंदारी तरी मिळते. येथे माणसांनी उलट पदरचे पैसे घातले.

आणि त्या वाघाची गोष्ट तर बहुतेकांना आठवत असेल. २०२० च्या टाळेबंदीत गूगलने फोनमधून घराच्या दिवाणखान्यात वाघ उभा करून दाखवला. मुले त्याच्याशेजारी उभी राहिली, छायाचित्रे निघाली, नातेवाइकांना धाडली गेली. तो वाघ कोणत्या जंगलातला होता? तो काय खात होता, त्याच्या जंगलात कोण राहत होते, त्या जंगलातून रस्ता कोण काढत होते? यातले काहीच त्याला चिकटलेले नव्हते. जागा, भूक, शेजार आणि भय काढून घेतलेला असा वाघ कोणत्याही घरात मावतो. बाजाराला नेमका असाच वाघ हवा असतो.

वनस्पती आणि प्राणी ओळखून देणारी साधनेही आज सहज मिळतात, आणि त्यांतली काही ना-नफा संस्थांनी निष्ठेने उभारलेली आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांचीही विद्या येते कोठून? हजारो हौशी निरीक्षकांनी काढलेल्या आणि नावे देऊन ठेवलेल्या छायाचित्रांतून. जेथे छायाचित्रे भरपूर तेथे यंत्र हुशार, जेथे ती थोडी तेथे यंत्र अडाणी. ज्यांच्या हातात चांगला कॅमेरा आणि फावला वेळ आहे त्यांचा निसर्ग यंत्राला कळतो. ज्यांच्या हातात कोयता आणि डोक्यावर मोळी आहे त्यांचा कळत नाही. ज्ञानातील ही विषमता यंत्राने निर्माण केली नाही, परंतु यंत्र तिच्यावर अचूकतेचा शिक्का मारते.

कुटुंब कोणाचे?

'कुटुंबांना शिक्षण' हा शब्दप्रयोग गोंडस आहे. पण कुटुंब कोणते? जाहिरातीतले कुटुंब चार माणसांचे असते. त्याच्याकडे रविवार मोकळा असतो, उद्यानाचे तिकीट परवडते आणि प्रत्येकाच्या हातात नवा फोन असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले होते. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. त्यानंतर ते वाढले असणार हे उघड आहे. पण घरातला एकुलता बरा फोन कोणाच्या खिशात असतो, हे कष्टकऱ्यांच्या वस्तीत काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. शिवाय हे तंत्र कोणत्याही फोनवर चालत नाही. त्यासाठी विशिष्ट दर्जाचा फोन लागतो. म्हणजे ज्या आईला रानातल्या पाल्याची ओळख आहे तिच्याकडे यंत्र नाही आणि ज्या मुलाकडे यंत्र आहे त्याला पाला ओळखता येत नाही.

मृगाचे ढग जमू लागले की मुंबईच्या उपनगरांतील स्थानकांबाहेर पालघरच्या, वसईच्या, आरेच्या आदिवासी बाया टोपल्या घेऊन बसतात. प्रथम शेवळे येतात. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. जैवविविधतेची एवढी जिवंत शाळा मुंबईत दुसरी नाही. शेवळे नुसती शिजवली तर घसा खाजतो. त्यात काकडाची आंबट फळे टाकावी लागतात, म्हणूनच टोपलीत शेवळांच्या जुड्यांशेजारी काकडांचा वाटाही ठेवलेला असतो. हे एक वाक्य ती बाई गिऱ्हाइकाला दोन जुड्या बांधता बांधता सांगते. त्यात वनस्पतिशास्त्र आहे, आहारशास्त्र आहे, ऋतूचे भान आहे आणि पिढ्यांचा अनुभव आहे. कोणता पाला किती कोवळा असताना खुडायचा, कोणता कंद किती खणायचा आणि किती पुढच्या वर्षासाठी मातीत ठेवायचा, हे तिला ठाऊक आहे. कारण ते ठाऊक नसेल तर पुढच्या वर्षी तिची टोपली रिकामी राहील.

या शिक्षिकेशी आपली नगरव्यवस्था कशी वागते? २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तरीही अतिक्रमण हटवणारी गाडी आली की ही बाई टोपली उचलून पळते. एका बाजूला खरी शेवळे गाडीत फेकायची आणि दुसऱ्या बाजूला शेवळांचे त्रिमिती चित्र उद्यानात उभारून कुटुंबांना शिकवायचे, हा व्यवहार पुढेमागे आपल्या शहरांत सुरू झाला तर आश्चर्य वाटायला नको. म्हणून आजच बजावले पाहिजे की, जी नगरपालिका टोपलीवालीला हक्काची चार फूट जागा देऊ शकत नाही, तिला वाढीव वास्तवावर एक रुपयाही खर्च करण्याचा नैतिक अधिकार नाही.

नावांचीही गोष्ट पाहा. कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो. एकाच पाल्याला कोणी फोडशी म्हणते, कोणी कुलू. ही नावे म्हणजे त्या त्या भूमीतील माणसांनी त्या वनस्पतीशी ठेवलेला व्यवहार आहे. मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानात राहून पाखरांची आणि झाडांची मराठी नावे वेचली, ती रानातल्या माणसांच्या तोंडून. यंत्राच्या पडद्यावर एक शास्त्रीय नाव आणि एक इंग्रजी नाव येते. फार तर पुस्तकातले एखादे मराठी नाव चिकटवलेले असते. वारली, कातकरी, गोंड यांच्या मुलाला तेथे समजते ते इतकेच की, आपल्या आजीने शिकवलेले नाव खरे नाव नव्हे. शिक्षणाच्या नावाखाली हा अपमान आहे आणि तो कितीही रंगीत असला तरी अपमानच आहे.

आरेचा धडा

मुंबईतील आरेची वसाहत हे या साऱ्या प्रश्नाचे ढळढळीत उदाहरण आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या भूमीवर वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. येथे बिबट्या फिरतो, आणि वारल्यांच्या श्रद्धेत वाघोबाला देवाचे स्थान आहे. विंचवाची एक जात तर आरेच्याच नावाने शास्त्राला ठाऊक आहे. स्थानिक जैवविविधता कुटुंबांना शिकवायची असेल तर याहून चांगली जागा कोणती? आणि याच जागेविषयी, 'हे जंगलच नव्हे' असा युक्तिवाद शासनाच्या बाजूने केला गेला.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री अंधारात मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. जमावबंदी लावण्यात आली. २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते. ही मुले पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीने शिकलेली पिढी होती. पुस्तकातला धडा त्यांनी खरा मानला, हाच त्यांचा अपराध! २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचे जाहीर झाले, आरेतील ८०० एकरांहून अधिक जमीन राखीव वनासाठी ठरवली गेली. जुलै २०२२ मध्ये सरकार बदलताच कारशेड पुन्हा आरेत आले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी १७७ झाडे काढण्यास परवानगी दिली आणि परवानगीच्या मर्यादेबाहेर जाऊन वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज केल्याबद्दल मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरायला लावले. मेट्रो धावू लागली. तिची गरज कष्टकऱ्यांनाही आहे, हे आम्ही नाकारत नाही. प्रश्न झाडे विरुद्ध मेट्रो असा नव्हताच. पर्यायी जागा असताना निर्णय कोणी, कोणाला विचारून आणि कोणत्या अंधारात घेतला, हा होता.

आता कल्पना करा की, उद्या या भूमीच्या कडेला एक 'निसर्ग अनुभव केंद्र' उभे राहिले आणि कुटुंबे तिकीट काढून तेथे फोनमधून बिबट्या पाहू लागली. त्या पडद्यावर ४ ऑक्टोबरची रात्र दिसेल काय? पाड्यांवरची पाण्याची आणि विजेची रड दिसेल काय? ती दिसणार नाही, कारण ते केंद्र बांधणाऱ्याला ती परवडणार नाही. वाढीव वास्तवात नेहमी काहीतरी वाढवले जाते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यात वगळलेलेच अधिक असते.

लपवलेला अहवाल, भरलेली नोंदवही

'शासनाला लोकांपर्यंत निसर्गाचे ज्ञान पोहोचवायचे आहे' हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला सादर केला. सरकारने तो दाबून ठेवला. माहिती अधिकारात तो मागितला गेला, माहिती आयोगाने तो द्या म्हणून सांगितले, तरी मंत्रालय उच्च न्यायालयात गेले. तेथे हरल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. ग्रामसभांपर्यंत तो त्यांच्या भाषेत पोहोचावा आणि त्यांनी त्यावर निर्णय द्यावा, हा त्या अहवालाचा गाभा होता. नेमके तेच टाळले गेले. त्यानंतर संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना तेवढ्या निघत राहिल्या: पहिली मार्च २०१४ मध्ये आणि सहावी ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरडींखाली शेकडो माणसे गाडली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. ज्यांनी साधा छापील कागद लोकांच्या हाती पडू दिला नाही, ते चकचकीत पडद्यावर सत्य दाखवतील, असा विश्वास ठेवायला फार मोठा भाबडेपणा लागतो.

स्थानिक जैवविविधतेच्या शिक्षणासाठी या देशात कायदेशीर चौकट नाही असेही नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे ग्रामपंचायतीत तशीच महानगरपालिकेतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक केले. या समितीचे मुख्य काम लोकांशी सल्लामसलत करून 'लोकजैवविविधता नोंदवही' तयार करणे. गावातली झाडे, बियाणी, जनावरे, मासे, औषधी, त्यांचे उपयोग आणि त्यांची माणसे या सर्वांची ही नोंद. खरे पाहता कुटुंबाला निसर्ग शिकवण्याचे याहून मोठे साधन कोणते? आजी सांगते, नात लिहिते, ग्रामसभा तपासते.

घडले ते असे. सतरा वर्षे हे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर चुकार राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. त्याबरोबर घोडदौड सुरू झाली आणि देशभरातील नोंदवह्यांचा आकडा पाहता पाहता अडीच लाखांच्या पुढे गेला. दंडाच्या धाकाने आणि तारखेच्या घाईने भरलेल्या नोंदवहीत आजीला बोलायला वेळ किती मिळाला असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. कार्यकर्त्यांनी आपापल्या पंचायतीत जाऊन ही नोंदवही मागावी. ती कोणत्या कपाटात आहे, तिची किल्ली कोणाकडे आहे आणि आपल्या गावाच्या नावाने तीत काय लिहिले आहे, हे पाहिले की या विषयाचे निम्मे शिक्षण तेथेच होईल. २०२३ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करून नियमभंगाबद्दलची तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली गेली आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपाच्या बंधनातून सूट मिळाली. म्हणजे लोकांनी सांगायचे, कंपन्यांनी वापरायचे आणि वाटा मागू नये. अशा नोंदवह्यांतली माहिती उद्या एखाद्या कंपनीच्या पडद्यावर चमकू लागली तर तिचा मोबदला आजीला मिळेल काय, हे वेगळे सांगायला नको.

आणि शाळा? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा १४ हजारांहून अधिक शाळा आहेत आणि त्यांतल्या कितीतरी डोंगरातल्या वाड्यांवर आणि पाड्यांवर आहेत. त्या पाड्यावरचे मूल शाळेत चालत जाता जाता जे पाहते त्यासाठी शहरातल्या मुलाला चित्रे दाखवावी लागतात. त्याच्या पाड्यावरची शाळा बंद करायची, त्याला गाडीत घालून दूरच्या समूहशाळेत न्यायचे आणि तेथल्या अद्ययावत वर्गात त्याला त्याच्याच रानातला पक्षी पडद्यावर दाखवायचा, याला प्रगती म्हणायचे असेल तर शब्दांचे अर्थ नव्याने लावावे लागतील.

यंत्राचे वैर नव्हे

कोणी म्हणेल, समाजवादी नेहमीप्रमाणे यंत्राच्या आडवे येत आहेत. आपला वारसा तसा नाही. १९५२ च्या पचमढी अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहिया यांनी दाखवून दिले होते की, भांडवलशाही आणि साम्यवाद यांचे भांडण मालकीपुरते आहे. प्रचंड केंद्रित यंत्र दोघांनाही सारखेच प्रिय आहे. त्यांनी यंत्र नाकारले नाही. लहान यंत्र मागितले. जे गावात चालेल, गावाला दुरुस्त करता येईल आणि गावाच्या ताब्यात राहील. हीच कसोटी आज फोनमधल्या यंत्राला लावली पाहिजे. ज्याचा मालक सातासमुद्रापलीकडे आहे, ज्याचे पोट उघडून पाहता येत नाही आणि जे एका जानेवारीत न विचारता बंद पडते, ते यंत्र तळहाताएवढे असले तरी लोहियांच्या अर्थाने प्रचंडच आहे.

आणि हक्क हाती आला की ज्ञान कसे फुलते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे त्या गावात अभ्यासगट चालत होते. गोंड गावकरी आपल्या जंगलाचा, बांबूचा, मधाचा अभ्यास स्वतः करीत होते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात जपलेल्या गावरान बियाण्यांची दखल २०२० च्या पद्मश्रीने घ्यावी लागली. यांतल्या कोणालाही आपल्या परिसराकडे पाहण्यासाठी पडदा लागला नाही, कारण परिसर त्यांच्या जगण्याचा आणि निर्णयाचा भाग होता.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक लोकजैवविविधता नोंदवही ग्रामसभेत आणि शहरात प्रभागसभेत लोकांच्या भाषेत वाचून दाखवावी, दरवर्षी तपासावी आणि तिची प्रत शाळेत ठेवावी. रानाची माहिती असलेल्या आदिवासी स्त्री-पुरुषांना शाळांनी मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. पाड्यावरची एकही शाळा बंद होऊ नये. रानभाजीवाल्या बायांना स्थानकांजवळ हक्काची जागा मिळावी. सार्वजनिक पैशातून कोणतेही शैक्षणिक यंत्र घ्यायचे असेल तर त्याची रचना खुली असावी, ते साध्या फोनवर चालावे, मुलांची आणि जागांची चित्रे कंपनीकडे जाऊ नयेत आणि लोकांच्या ज्ञानावर लोकांच्या समितीची मालकी राहावी. या अटी पाळणारे साधन कोणी घडवले तर त्याचे स्वागत करायला आपण प्रथम उभे राहू.

असे साधन घडवण्याची हिंमत असलेल्या तरुण तंत्रज्ञांना आमची एक सूचनाही आहे. आरेच्या कारशेडसमोर फोन धरला की तेथे २०१९ च्या त्या रात्री पाडलेली झाडे एकेक करून उभी राहतील, प्रत्येकाचे मराठी आणि वारली नाव दिसेल, त्याखाली आदेशाची तारीख आणि आदेश काढणाऱ्या कार्यालयाचे नाव येईल, असे काही करून दाखवा. बुजवलेल्या खाडीवर फोन धरावा आणि तिथले तिवर आणि कोळ्यांची जाळी दिसावीत. हे खरे वाढीव वास्तव होईल. ते विकत घ्यायला कोणतीही कंपनी येणार नाही आणि कोणताही मंत्री त्याची फीत कापणार नाही. त्यावरूनच त्याची किंमत कळेल.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी तंत्रज्ञांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सेवा दलाच्या शाखांनी आणि आपल्या युवक शिबिरांनी महिन्यातला एक रविवार परिसरफेरीला द्यावा. वस्तीतल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना बरोबर घ्यावे, पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या बाईला पुढे चालायला सांगावे आणि तिने सांगितलेले नाव तिच्याच भाषेत वहीत उतरावे. फेरी संपताना त्या वहीत शेवटचा प्रश्नही लिहावा: ही जागा कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कोणाचा डोळा आहे? ज्या दिवशी मुले झाडाच्या नावाबरोबर हा प्रश्न विचारू लागतील त्या दिवशी जैवविविधतेचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे समजावे.